संस्थेचा फोन कोण उचलणार? चॅटबॉट आणि एआर, सोप्या भाषेत

समजा, तालुक्याच्या गावी एक छोटी संस्था आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती मोफत डोळे तपासणी शिबिर घेते. ज्यांना मोतीबिंदू निघतो त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेऊन ऑपरेशन करून आणते. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक टेबल आणि टेबलावर एक फोन. शिबिराच्या आठवड्यात फोनवर बसणाऱ्या ताई दिवसभर तेच ते सांगत असतात. येताना आधार कार्ड आणा. सोबत घरचं एक माणूस लागतंच. नाही हो, पैसे नाही लागत. शुगर असली तरी या, फक्त गोळ्या आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. स्टँडपासून शाळा चालत दहा मिनिटं, रिक्षाला पैसे घालवू नका.

ही संस्था मी कल्पनेतून उभी केली आहे. पण अशा एखाद्या ऑफिसात कधी तासभर बसला असाल, तर ती तुमच्या ओळखीचीच निघेल. तिच्या विश्वस्तांच्या बैठकीत हल्ली कोणीतरी म्हणतंच, "आपण चॅटबॉट का करत नाही? आणि ते एआर असतं ना, तेही करू." म्हणणारा बहुतेक पुण्यात किंवा परदेशात नोकरीला असलेला हितचिंतक असतो. बाकीचे माना डोलावतात, कारण म्हणजे नक्की काय करायचं हे विचारायचा संकोच वाटतो. त्या माना डोलावणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

चॅटबॉटच्या दोन जाती

पहिली जात तुम्ही रोज वापरता. गॅस बुक करताना "मराठीसाठी अमुक दाबा" असं ऐकू येतं ना, तेच व्हॉट्सॲपवर लिहून आलं की झाला चॅटबॉट. कोणीतरी आधी बसून झाड आखलेलं असतं. खोडापाशी पाच फांद्या, प्रत्येक फांदीला तीन डहाळ्या, डहाळीच्या टोकाला एक उत्तर. यंत्र स्वतःहून एक शब्दही बोलत नाही, लिहून ठेवलेलंच पुढे करतं. कंटाळवाणं वाटतं खरं, पण चुकीचं बोलायची सोयच नाही.

दुसरी जात अलीकडची, चॅटजीपीटी आल्यापासून सगळ्यांना ठाऊक झालेली. तिच्या पोटात भाषेचं मॉडेल असतं. प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं असतं. म्हणून ते ओघवतं बोलतं, आणि त्याच कारणाने ठणकावून चुकतंही. तुमच्या शिबिराची तारीख त्याने कुठेच वाचलेली नाही. तरी विचाराल तर एखादी तारीख सांगून मोकळं होईल.

यावरचा उपाय म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा. संस्थेची सगळी माहिती, म्हणजे तारखा, कागदपत्रं, रुग्णालयाचे नियम, छोट्या छोट्या परिच्छेदांत लिहून ठेवायची. प्रश्न आला की संगणक आधी त्याच्या अर्थाच्या जवळचे दोन-चार परिच्छेद शोधतो. ते मॉडेलपुढे ठेवतो आणि बजावतो, उत्तर एवढ्यातूनच द्यायचं, यात नसेल तर माहीत नाही म्हणायचं. यामुळे थापा पुष्कळ कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत. बजावलेलं सगळंच ऐकायला तेही काही सद्गुणी बाळ नाही.

यंत्राशी बोलताना माणूस फार लवकर विरघळतो, हेही सुरुवातीलाच सांगायला हवं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस. तुम्ही म्हणालात "मला आईची काळजी वाटते", की तो म्हणणार "तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा". तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबाम यांच्या सेक्रेटरीने तर, मला याच्याशी जरा एकटीला बोलू द्या, म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. सामाजिक संस्थेकडे येणारा माणूस आधीच अडचणीत असतो. त्याच्या बाबतीत हा विरघळण्याचा धोका दुप्पट धरावा.

मोती पडलाय, पडदा आलाय

आता मराठीचा प्रश्न. मोतीबिंदूला कोणी फोनवर मोतीबिंदू म्हणतच नाही. "आजीच्या डोळ्यात मोती पडलाय." "पडदा आलाय." "डोळ्यापुढं धुकं येतं." "डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही." हे शेवटचं तर निराळंच प्रकरण आहे, कारण मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनांच्या काळातला. आता डॉक्टर तसं थांबायला सांगत नाहीत, पण गावात तो अजून चालतो. चॅटबॉटला हे सगळं एकाच आजाराबद्दल आहे हे कळायला हवं. "फूल पडलंय" मात्र वेगळं आहे, ते बुबुळावरच्या पांढऱ्या डागाला म्हणतात, हेही कळायला हवं.

शिवाय हे टाइप कोण करणार? आजी नव्हे. नातू करणार, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, काना-मात्रा वाऱ्यावर सोडून. तोच उत्तर वाचून आजीच्या कानाशी मोठ्याने सांगणार. माझ्या मते संस्थेच्या चॅटबॉटचं प्रत्येक वाक्य या नातवाला डोळ्यापुढे ठेवून लिहायला हवं. ओरडून सांगता येईल इतकं छोटं.

यामागे पैशाचाही हिशेब आहे. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. भाषेचं मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, आणि इंग्रजीवर पोसलेल्या मॉडेलांत त्याच अर्थाच्या मराठी वाक्याचे तुकडे जास्त पडतात. बिल तुकड्यांवर लागतं. म्हणजे तीच विचारपूस मराठीत महाग पडते. नवी मॉडेलं या बाबतीत सुधारत आहेत. सरकारचा भाषिणी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि मद्रास आयआयटीतला एआयफॉरभारत हा गट भारतीय भाषांसाठी खुली मॉडेलं करतो, त्यामुळे आवाजातून मजकूर आणि मजकुरातून आवाज हे काम आता मराठीतही बऱ्यापैकी होतं. याच गटाच्या कामावर उभा राहिलेला जुगलबंदी हा चॅटबॉट २०२३ मध्ये हरियाणातल्या बिवान गावात लोकांना सरकारी योजनांची माहिती त्यांच्या भाषेत, बोलून, देत होता.

आधी कुठे चाललंय?

दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये मॉमकनेक्ट सुरू केलं. दवाखान्यात पहिल्या तपासणीला आलेल्या गरोदर बाईची नोंद साध्या मोबाइलवरून व्हायची आणि मग तिला दिवस भरत जातील तसे एसएमएस यायचे. २०१७ पासून हे व्हॉट्सॲपवरही आलं. यात मला सगळ्यात आवडणारा भाग तंत्रज्ञानाचा नाहीच. त्या बाईला उलट प्रश्न विचारता येतो, दवाखान्याची तक्रार करता येते, आणि तिकडे मदतकक्षात बसलेली माणसं त्याची दखल घेतात.

युनिसेफच्या यू-रिपोर्टने तर दिशाच उलटी केली. युगांडात २०११ मध्ये सुरू झालेली ही सेवा तरुणांना एसएमएसवर प्रश्न विचारते आणि उत्तरं गोळा करते. लायबेरियात २०१५ मध्ये अशाच एका प्रश्नातून बाहेर आलं की काही शिक्षक गुणांच्या बदल्यात विद्यार्थिनींकडे शरीरसंबंधांची मागणी करतात. वर्गात उभं राहून जे कोणी बोललं नसतं ते फोनवर बोललं गेलं. चॅटबॉट म्हणजे माहिती वाटायचं यंत्र एवढंच डोक्यात असेल तर ही गोष्ट जरा वेळ काढून मनात घोळवावी. संस्थेला सांगायचं असतं तितकंच ऐकायचंही असतं.

आणि साधेपणात कमीपणा नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनासाठी व्हॉट्सॲपवर सेवा काढली तीसुद्धा आकडे निवडण्याचीच होती. हाय लिहा, यादी येईल, आकडा पाठवा.

भारतात संस्थांसाठी ग्लिफिक नावाची खुली प्रणाली आहे, टेकफॉरडेव्ह या प्रकल्पाने केलेली. तिच्यावर व्हॉट्सॲपचा संवाद प्रोग्रॅमर न ठेवता, चौकटी जोडत आखता येतो. हे तंत्र निवडताना व्हॉट्सॲपचा एक नियम कळायला हवा, कारण खर्च त्यावर ठरतो. समोरच्याने आधी मेसेज केला, की पुढचे २४ तास तुम्ही त्याला मोकळेपणाने उत्तरं देऊ शकता. ती मुदत संपल्यावर आपणहून काही कळवायचं असेल, तर आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक साच्यातच लिहावं लागतं, आणि त्याला पैसे पडतात. म्हणजे "उद्या शिबिर आहे, विसरू नका" या मेसेजला खर्च आहे. "शिबिर कधी आहे?" याच्या उत्तराला सहसा नाही. म्हणून पत्रकावर, भिंतीवर, एसटीच्या मागे, जिथे जमेल तिथे क्यूआर कोड लावून लोकांनीच पहिला मेसेज करावा अशी सोय करणं शहाणपणाचं.

टेसाचं काय झालं

अमेरिकेत नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन ही खाण्याच्या विकारांवर काम करणारी मोठी संस्था आहे. खाणं तोडणाऱ्या, वजनाच्या भीतीने स्वतःला उपाशी मारणाऱ्या लोकांसाठी तिची हेल्पलाइन होती. २०२३ मध्ये हेल्पलाइनच्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली आणि पाठोपाठ संस्थेने हेल्पलाइनच बंद करायचं ठरवलं. लोकांसाठी मागे उरणार होता टेसा हा चॅटबॉट. मे २०२३ च्या अखेरीस उघड झालं की टेसा वजन कमी करण्याचे सल्ले देतेय. रोज ५०० ते १००० कॅलरी कमी खा, दर आठवड्याला वजन करा. निरोगी माणसाला हे जिमच्या भिंतीवरचं पोस्टर वाटेल. या आजारात मात्र हे विष आहे. संस्थेला टेसा ताबडतोब काढावी लागली.

यातली मेख अशी, की टेसा मुळात पहिल्या जातीची होती. संशोधकांनी लिहिलेली ठरावीक उत्तरं देणारी. ती चालवणाऱ्या कंपनीने मध्येच तिच्यात स्वतःहून वाक्यं रचणारी दुसरी जात मिसळली. घरातल्या बरणीवर नाव तेच राहिलं, आतला जिन्नस बदलला. संस्थेने कंपनीशी करार करताना एक ओळ घालायलाच हवी, आम्हाला विचारल्याशिवाय आतलं काही बदलायचं नाही.

आणि चुकलं तर जबाबदार कोण? एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, अशा वळणाचा युक्तिवाद कंपनीने केला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. कायदा तिथला, पण तर्क कुठेही लागू पडावा असा आहे. पाटी तुमची, तर बोलणंही तुमचं.

आपल्या नेत्रसंस्थेकडे परत येऊ. ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेत. रात्री अकराला मेसेज येतो, "आजीचा डोळा लाल झालाय, खूप दुखतोय, दिसत नाहीये." डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असेल तर इथे तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. या मेसेजला चॅटबॉटने समजुतीचं, गोड, लांबलचक उत्तर देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्याने फक्त दोन गोष्टी कराव्यात. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा नंबर द्यावा आणि संस्थेतल्या कोणाचा तरी फोन वाजवावा. लाल, दुखतंय, पू, दिसत नाही, उलटी, मार लागला, असे शब्द आले की झाड संपलं, माणूस सुरू.

इथेच बैठकीत शांतता पसरते. कारण चॅटबॉट चोवीस तास जागा असतो, संस्था नसते. रात्री वाजणारा तो फोन कोणाकडे असणार? याचं उत्तर ठरेपर्यंत ऑपरेशन झालेल्या रुग्णांना चॅटबॉटचा नंबर देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर शिबिराच्या चौकशीपुरताच ठेवावा.

ज्यांच्या हातात फोनच नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या महिला देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या ३३ टक्के. हे आकडे १५ ते ४९ वयाचे. मोतीबिंदूची आजी तर त्याही पलीकडे.

म्हणून आवाजाचं काम इतकं टिकून आहे. मुंबईतली अरमान ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिची एममित्र सेवा गरोदर आणि बाळंतीण बायकांना त्यांच्या भाषेत, त्यांनी सांगितलेल्या वेळेला फोन करून माहितीची छोटी रेकॉर्डिंग ऐकवते. केंद्र सरकारची किलकारी सेवाही अशीच, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ फोन. अरमानने गूगलच्या संशोधकांबरोबर एआयचा जो वापर केला तो मला फार शहाणा वाटतो. एआय त्या बायकांशी बोलतच नाही. कोणती बाई हळूहळू फोन ऐकणं सोडून देईल याचा ते अंदाज बांधतं, म्हणजे कार्यकर्त्यांचे मोजके तास नेमके तिच्यासाठी वापरता येतात.

गुप्ततेचाही मुद्दा याच ठिकाणी येतो. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या मायना महिला फाउंडेशनने मायना बोलो हा चॅटबॉट केला, लैंगिक आणि प्रजनन आरोग्याबद्दल मोकळेपणाने विचारता यावं म्हणून, आणि तो वस्तीतल्याच बायकांकडून तपासून घेतला. अशा विषयात घरातला फोन जर नवरा, दीर, मुलगा सगळेच हाताळत असतील, तर पडद्यावर राहिलेला एक मेसेजही घातक ठरू शकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संस्थांसाठीही आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती पडताळून घ्यावी, असं तो सांगतो. सोपा नियम म्हणजे जे लागत नाही ते विचारूच नका. शिबिराची तारीख सांगायला आधार क्रमांक कशाला हवा?

आता एआर: ठिपके आणि रांगोळी

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी. फोनच्या कॅमेऱ्यातून तुमचीच खोली दिसते आणि तिच्यात नसलेली एखादी वस्तू, असल्यासारखी बसवलेली दिसते. व्हीआर वेगळं. त्यात डोळ्यांवर पेटी चढवून माणसालाच दुसरीकडे नेतात. एआर ती वस्तू तुमच्या अंगणात आणतं.

हे जमतं कसं? ठिपक्यांची रांगोळी आठवा. कॅमेरा समोरच्या दृश्यात ठिपके शोधतो, म्हणजे सहज ओळखू येतील अशा जागा. फरशीचा कोपरा, चटईची किनार, टेबलाचा ओरखडा. तुम्ही फोन हलवला की जवळचे ठिपके भराभर सरकतात, लांबचे सावकाश. फोन किती वळला, कुठे झुकला हे आतले सेन्सर सांगतात. दोन्ही जुळवून फोन सेकंदाला कितीतरी वेळा हिशेब करतो, मी आत्ता कुठे आहे आणि जमीन कुठे आहे. मग त्या ठिपक्यांच्या आधाराने तो वस्तू रेखाटतो, आणि तुम्ही तिच्याभोवती चाललात तरी ती जागची हलत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर किंवा अंधारात ठिपकेच सापडत नाहीत, म्हणून तिथे वस्तू डळमळते.

कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचा पहिला पडदा केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. पोकेमॉन गो या खेळाने २०१६ मध्ये ती घराघरांत नेली, आणि २०१७ मध्ये ॲपलने ॲप बनवणाऱ्यांना हे तंत्र तयार स्वरूपात दिलं.

संस्थांनी त्याचं काय केलं? आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या २०१८ च्या एका ॲपमध्ये तुमच्या खोलीत एक दार उभं राहतं. दारातून आत चालत गेलात की एका मुलाची झोपायची खोली, खेळणी, भिंतीवर चित्रं. मग शहरात युद्ध सुरू होतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत ती खोली उद्ध्वस्त होत जाते. त्याच वर्षी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने टेबलावर नदी आणली, जिच्यावर बोटाने धरण बांधून खालच्या माणसांचं आणि प्राण्यांचं काय होतं ते बघता यायचं. ब्रिटनच्या रक्तपेढी सेवेने २०१६ मध्ये भर रस्त्यात लोकांच्या हातावर स्टिकर लावलं. फोनमध्ये त्या जागी सुई दिसायची, समोरच्या भल्यामोठ्या फलकावर रिकामी पिशवी भरत जायची आणि रुग्ण टवटवीत व्हायचा. रक्त एक थेंबही न देता रक्तदान कसं असतं ते कळायचं. सुईच्या भीतीने मागे हटणाऱ्यांसाठी हे मला खरोखर नामी वाटतं.

आपल्याकडची गोष्ट धारावीची. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या बलात्काराच्या घटनेनंतर राम देविनेनी यांनी 'प्रियाज शक्ती' ही चित्रकथा उभी केली. वाघावर स्वार झालेली प्रिया, स्वतः अत्याचारातून उठलेली. २०१४ मध्ये ती मुंबईच्या कॉमिक कॉन या चित्रकथांच्या मेळ्यात आली आणि धारावीच्या भिंतींवरही तिची चित्रं रंगली. चित्रावर फोन धरला की चित्र हलू लागायचं, बोलू लागायचं. यात एआरचा सगळ्यात सोपा प्रकार वापरलेला आहे, जमिनीतले ठिपके शोधण्याऐवजी ठरावीक चित्र ओळखायचं. फोन नसलेल्यालाही भिंतीवरची वाघावरची बाई दिसतेच, हे त्यातलं बळ.

पण त्यासाठी वापरलेलं ॲप ब्लिपर कंपनीचं होतं, आणि ब्लिपर डिसेंबर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे नव्या मालकाने ती उभी केली, तो भाग निराळा. मेटाने फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे इतरांनी केलेले एआर फिल्टर १४ जानेवारी २०२५ ला एकदम बंद केले. त्यात किती संस्थांच्या मोहिमांचे फिल्टर गेले असतील! भिंतीवरचा रंग पावसाळे काढतो. एआर कोणाच्या तरी सर्व्हरवर भाड्याने राहतं.

दुसरी अडचण फोनची. गूगलचं एआर तंत्र ठरावीक मॉडेलांवरच चालतं आणि स्वस्त फोन बरेचदा त्या यादीत नसतात. त्यामुळे प्रत्यक्षात असं होतं, की चॅटबॉट गरजू माणसाशी बोलतो आणि एआर देणगीदाराशी. यात वाईट काही नाही, फक्त बैठकीत हे उघड बोललं जावं. आणि दुसऱ्याचं दुःख दिवाणखान्यात उभं करून दाखवताना ते तमाशा होत नाही ना, हेही.

नेत्रसंस्थेसाठी एआर वापरायचंच तर एक कल्पना सुचते. मुलाने फोनचा कॅमेरा घरातल्या उंबऱ्याकडे धरला की आईला दिसतं तसं दिसावं, पिवळसर, धुरकट, दिव्यांभोवती चमक. मग "म्हातारपणी होतंच" हे वाक्य घशात अडकतं. पण हेच काम केनियात कागदाने झालं आहे. तिथल्या ५० शाळांपैकी निम्म्यांत पीक व्हिजनच्या पद्धतीने मुलांचे डोळे शिक्षकांनी स्मार्टफोनवर तपासले, मुलाला कसं धूसर दिसतं त्याचं छापील चित्र पालकांना दिलं आणि आठवणीचे एसएमएस केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या गटात दोष निघालेल्या मुलांपैकी ५४ टक्के पुढच्या तपासणीला रुग्णालयात पोचली. नेहमीच्या पद्धतीत २२ टक्के. शिबिरात तर जुन्या चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन फासून मुलाच्या नाकावर ठेवला तरी चालेल.

कॅमेरा आणि चॅटबॉट खऱ्या अर्थाने एकत्र आलेत ते डेन्मार्कहून २०१५ मध्ये सुरू झालेल्या बी माय आइज या सेवेत. अंध माणूस फोनचा कॅमेरा धरतो आणि कुठला तरी अनोळखी स्वयंसेवक त्याला दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून दाखवतो. २०२३ पासून फोटोचं वर्णन एआयही करतं. समाधान झालं नाही तर पुन्हा माणसाला फोन लावता येतो.

उपाशी यायचं का?

सुरुवात कुठून करायची, तर एक दोनशे पानी वही घेऊन. दोन महिने फोनवरच्या ताईंनी प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. "मोती पडलाय" तर मोती पडलाय. ज्याचं उत्तर देता आलं नाही त्यावर खूण. शेवटी वही उघडली की दिसेल, बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच आहेत. तेवढ्यांचं आकडे निवडायचं झाड आधी करावं. भाषेचं मॉडेल नंतर. आणि चाललंय की नाही हे किती मेसेज आले यावरून मोजू नये. किती जणांनी मध्येच कंटाळून ताईंनाच फोन लावला, आणि नोंदणी केलेल्यांपैकी किती जण खरोखर शिबिराला आले, हे मोजावं.

वहीत एक प्रश्न हमखास पानोपानी असेल, "ऑपरेशनच्या दिवशी उपाशी यायचं का?" उत्तर लिहायला बसलात की कळेल, ताई एक सांगतात, गाडीवर जाणारे दादा दुसरं, आणि मागच्या महिन्यात रुग्णालयातल्या सिस्टरने तिसरंच सांगितलं होतं. हे इतकी वर्षं फोनवर खपून गेलं. आता डॉक्टरांकडून एक उत्तर लेखी आणायला हवं, शुगरच्या रुग्णांसाठी वेगळं. पुढच्या बैठकीत विषय क्रमांक एक म्हणून ते घ्यावं, आणि रात्रीचा फोन कोणाकडे हा क्रमांक दोन.